दोन चौक आधी उतरा

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिका सकाळी लवकर उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतात. मधल्या तासांत आतल्या मुलांनी किती पावलं टाकली ते मोजायचं ठरवलं, तर मोजायला फारसं काही सापडणार नाही. अभ्यासिकेतून मेस, मेसमधून अभ्यासिका, मध्ये चहाची टपरी आणि शेवटी रूमवरची कॉट. यातली बरीचशी मुलं सिल्लोड, कन्नड, परतूर, गेवराईकडची. गावी असताना शाळा, शेत, विहीर असं दिवसभर पायीच व्हायचं आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. शहरात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ते आपोआप बंद पडतं. मग पाठ धरते, पोट साफ राहत नाही, रात्री झोप येत नाही आणि दुपारी पुस्तकावर डुलक्या येतात. शहरातल्या मुलांचंही फार वेगळं नाही. सिडकोतून गाडी काढून स्टेशन रोडवरच्या कॉलेजात येणाऱ्याचं दिवसाचं चालणं पार्किंगपासून वर्गापर्यंतच.

अशा वेळी घरचे, शिक्षक आणि मोबाइलवरचे प्रशिक्षक एकच सल्ला देतात: पहाटे उठून मॉर्निंग वॉकला जा. माझं मत जरा वेगळं आहे. पहाटेचा वॉक निवृत्त काकांना शोभतो, कारण ते रात्री दहाला झोपतात. रात्री एकपर्यंत वाचणाऱ्या (किंवा रील्स पाहणाऱ्या, खोटं कशाला बोला) मुलाने साडेपाचचा गजर लावला, तर पहिल्या आठवड्यात तो उठतो, दुसऱ्यात उठून परत झोपतो आणि तिसऱ्यात गजरच बंद करतो. झोप तोडून केलेलं चालणं टिकत नाही, आणि अठरा-वीस वर्षांच्या शरीराला झोपही तितकीच लागते. ज्याला पहाट जमते त्याने जरूर जावं. बाकीच्यांनी चालण्यासाठी वेगळा तास शोधत बसू नये. आपण रोज ज्या वाटेने जातो-येतो, त्याच वाटेतला एक तुकडा पायाखाली घ्यावा.

हे म्हणायला शास्त्राचा आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १८ ते ६४ वयाच्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. वेगाने चालणं त्यात बसतं. अकरावी-बारावीची मुलं सतरा वर्षांपर्यंतची असतील, तर त्यांच्यासाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगितली आहेत. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणं हिशेबात धरत नसत. ती अट आता काढून टाकली आहे. म्हणजे सकाळी बारा मिनिटं, दुपारी आठ, संध्याकाळी पंधरा अशी तुकड्यातुकड्यांची बेरीजही चालते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, इतकंच गणित आहे.

आता ते शहराच्या नकाशावर मांडू. औरंगपुऱ्यातून पैठण गेटमार्गे क्रांती चौक हे झपझप चालणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर आहे. तेवढ्यासाठी शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून कडेवर टेकून बसण्यात ना सुख आहे, ना फारसा वेळ वाचतो. गुलमंडी-पैठण गेटची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. लांबून येत असाल, तर रिक्षा किंवा स्मार्ट सिटी बस कॉलेजच्या दोन चौक आधी सोडा. गाडीवरून येणाऱ्यांनी ती गेटजवळच्या गर्दीत घुसवण्यापेक्षा दहा मिनिटं अलीकडे, सुरक्षित जागी लावावी. जाताना दहा, येताना दहा. यासाठी ना बूट बदलावे लागतात, ना मनाची तयारी करावी लागते.

विद्यापीठात शिकणाऱ्यांची तर चैनच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर सातशे एकरांहून मोठा. मागे डोंगर, पायथ्याशी सोनेरी महाल, रस्त्याच्या दुतर्फा झाडं. इतकी चांगली चालायची जागा पुण्या-मुंबईच्या किती विद्यार्थ्यांना मिळते? तरी गेटपासून विभागापर्यंत रिक्षा शोधणारे रोज दिसतात. ज्या गेटपाशी आपण फोटो काढतो, त्यावरच्या नावासाठी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने पायी लाँग मार्च निघाला होता; नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एवढा इतिहास पायांनी घडला असताना निदान गेट ते ग्रंथालय तरी चालत जावं.

शहराच्या बाजूने येणाऱ्यांसाठी मला सर्वांत आवडणारी वाट म्हणजे भडकल गेट, मेहमूद दरवाजा, पाणचक्की आणि पुढे नागसेनवनातून मिलिंद महाविद्यालयाच्या बाजूने विद्यापीठ गेट. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेल्या दरवाजातून निघायचं आणि बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेल्या कॉलेजवरून पुढे जायचं. पंधरा-वीस मिनिटांत तीन-साडेतीनशे वर्षं मागे पडतात. पाणचक्कीपाशी दरवाजाची कमान अरुंद आहे आणि वाहनं दाटीने येतात. तिथे मोबाइल खिशात ठेवून, कान उघडे ठेवून पार व्हायचं.

सिडकोत राहणाऱ्यांनी जालना रोडच्या नादी लागू नये. धूर, हॉर्न, फुटपाथवर लावलेल्या गाड्या, मध्येच उघडं गटार. एन-सेक्टरांमधले आतले रस्ते आणि छोटी उद्यानं हे चालण्यासाठी त्याच्यापेक्षा कितीतरी बरे. गारखेड्याच्या बाजूला विभागीय क्रीडा संकुल आहे, जुन्या शहराच्या उत्तरेला हिमायत बाग आहे, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ सिद्धार्थ उद्यान. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून जाणं भागच असेल, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चालावं. पाठीमागून येणारी गाडी तुम्हाला दिसत नाही आणि तिचा चालक मोबाइल पाहत नसेल याची खात्री या शहरात कुणी देऊ शकत नाही.

किती चाललो याइतकंच कसं चाललो हे महत्त्वाचं आहे, आणि विद्यार्थ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. चौघांनी खांद्यावर हात टाकून, हसत-खिदळत, मध्ये थांबून, वाटेत भजी खात केलेली फेरी मनाला चांगली. हृदयाला तिचा उपयोग कमी. वेग तपासायला घड्याळ पुरेसं आहे. १५ सेकंद आपली पावलं मोजा. २५ भरली, म्हणजे मिनिटाला १०० झाली, तर तुम्ही मध्यम श्रमाच्या पातळीवर आलात. त्याहूनही सोपी खूण: सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. गाणं सहज म्हणता येत असेल तर वेग वाढवा. बोलताच येत नसेल तर कमी करा. वेग वाढवताना ढांगा लांब टाकू नयेत, त्याने नडगी आणि गुडघा दुखतो. पावलं छोटी आणि भरभर, हात कोपरात वाकवून पुढे-मागे, नजर जमिनीऐवजी पंधरा-वीस फुटांवर.

दहा हजार पावलांचं भूत डोक्यातून काढा. तो आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. जाहिरात चालली आणि आकडा जगभर गेला. रोज तीन हजार चालणारा मुलगा सहा हजारांवर आला, तर फायदा तिथेच सुरू होतो. रोज दहा हजारांच्या हट्टापायी रात्री अकराला हॉस्टेलच्या गच्चीवर मोबाइल हलवत फिरणं हा निव्वळ हिशेब पुरा करण्याचा प्रकार आहे.

अपेक्षाही नेमक्या असाव्यात. साधारण ५५-६० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं, तर शंभर-सव्वाशे कॅलरी जळतात. एक मोठा समोसा त्याहून जास्त देतो. तेव्हा वजन उतरवायचं असेल तर मेसच्या ताटाकडे आणि टपरीवरच्या साखरेकडेही पाहावं लागेल. केवळ चालण्यावर महिन्याभरात पोट जाईल असं सांगणारा तुम्हाला काहीतरी विकतो आहे. चालण्याचे लगेच जाणवणारे फायदे दुसरे असतात. झोप लवकर लागते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही, आणि दुपारची ती सुस्ती कमी होते. आजी जेवणानंतर शतपावली घालायला लावायची ते उगाच नव्हतं. मेसवर जेवून थेट खुर्चीत जाण्याऐवजी गल्लीला दोन वळसे घाला. अडलेलं गणित, न सुचणारा मुद्दा चालताना सुटतो, हा अनुभव अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना असतोच.

बुटांवर फार पैसे घालू नका, पण चपलेवर किंवा सपाट तळाच्या फॅशनच्या बुटांवर रोज तीन-चार किलोमीटर चालू नका. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच आत हलता कामा नये, तळ मधून दुमडून न पडता बोटांजवळ वाकायला हवा. सुती मोजा रोज धुतलेला. पावसाळ्यात ओले बूट तसेच घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्या महिनाभर छळतात. पाठीवरची सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या आणि तिचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. सगळी गाईडं रोज हिंडवायची गरज नसते.

मराठवाड्याच्या उन्हाचा विषय मात्र दोन ओळींत उरकता येत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा 'दोन चौक आधी उतरा' हा सल्ला दुपारी बारा ते चारमध्ये साफ विसरा. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो, साडेसातला चटके बसू लागतात. त्याच्या आत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर चाला. डोक्याला रुमाल, उपरणं, स्कार्फ काहीही चालेल, पण उघडं डोकं नको. पाणी तहान लागायच्या आधी प्या. घाम फार आला तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. डोकं गरगरणं, मळमळ, पायात गोळे येणं ही थांबण्याची खूण आहे. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो: सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा; शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका. ऑक्टोबरचं ऊनही फसवं असतं. दिवाळीनंतर मात्र हे शहर चालणाऱ्याचं होतं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, थंडी कडक असते, आणि सुरुवात करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीइतका चांगला काळ दुसरा नाही.

आठवड्याची मोठी चाल रविवारी ठेवा. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात कोरलेली औरंगाबाद लेणी, सगळे ज्यांना बुद्ध लेणी म्हणतात, तिथपर्यंत बीबी का मकबऱ्याच्या बाजूने चालत जा. शेवटी चढ आणि पायऱ्या आहेत, तिथे हृदयाची खरी परीक्षा होते. लेण्यांचे गट एकमेकांपासून अंतरावर आहेत. अनेक जण पहिला गट पाहून फोटो काढून परततात. सगळे पाहा, मूर्तींसाठीही आणि मांड्यांसाठीही. गोगाबाबा टेकडीवर पावसाळ्यात गर्दी लोटते. तिथे शेवाळलेल्या दगडावर घसरून हात मोडून घेण्याची हौस नसेल, तर खाचांचे तळ असलेले बूट घाला, पायवाट सोडू नका आणि रीलसाठी कड्याच्या टोकावर उभे राहू नका. चढताना बोटांवर जोर आणि अंग किंचित पुढे. उतरताना गुडघे थोडे वाकवून, घाई न करता. गुडघे चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात.

या शहरातल्या तरुणांना लांब चालता येत नाही असं मुळीच नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी हजारो जण खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट: पंचवीस किलोमीटरच्या आसपासची वाट. रात्रभर जयघोष, वाटेत फराळ आणि चहा देणारी मंडळं, आणि पहाटे निद्रिस्त मारुतीचं दर्शन. यात कॉलेजची मुलं-मुली मोठ्या संख्येने असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी भिंतीला धरून जिना उतरतात. वर्षभर अर्धा किलोमीटर न चाललेल्या पायांवर एका रात्रीत पंचवीस किलोमीटर लादले तर दुसरं काय होणार? श्रद्धा पोहोचवते खरी, पण फोडांवर तिचा इलाज नाही.

ती वारी करायचीच असेल तर आठ-दहा आठवडे आधी सुरुवात करा. रोजचा अर्धा तास चालू ठेवून रविवारची चाल पाच किलोमीटरपासून दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवायची. तीन आठवडे वाढवल्यावर एक आठवडा जरा कमी. एकदा पंधरा-सोळा किलोमीटर निवांत जमले की भद्रा मारुती जमतो. शेवटच्या आठवड्यात पाय विश्रांतीला ठेवा. त्या रात्री नवे बूट घालू नका. पायाला घासतं तिथे आधीच चिकटपट्टी लावा, जादा मोजे घ्या. रस्त्यावर मोठी वाहनं असतात, म्हणून फिकट रंगाचे कपडे, बॅटरी, आणि गटाने एका कडेला. अनवाणी जायचा नवस असेल तर निदान महिनाभर आधी तळव्यांना सवय लावा. मधुमेह असणाऱ्याने मात्र हे करू नये.

मुलींसाठी 'पहाटे फिरायला जा' हा सल्ला देणाऱ्याने आधी तो रस्ता पहाटे पाहावा. दिवे बंद, कुत्र्यांचे घोळके, पाठलाग करणारी एखादी दुचाकी. यात मुलींनी काय काळजी घ्यावी हे सांगताना मनात संकोच आहे, कारण रस्ता सुरक्षित ठेवण्याचं काम त्यांचं नाही. तरी व्यवहार म्हणून: कॉलेज सुटल्यावर उजेडात, दोघी-तिघींनी, ठरलेल्या वर्दळीच्या वाटेने चालणं पहाटेच्या एकट्या फेरीपेक्षा जास्त टिकतं. एका कानात तरी इअरफोन नको. कुणी त्रास दिला तर ११२ लावा. शहर पोलिसांचं दामिनी पथकही आहे. ज्या हॉस्टेलचं दार सातला बंद होतं, तिथल्या मुलींनी रेक्टरकडे परिसरातच अर्धा तास फेऱ्या मारायची परवानगी एकत्र जाऊन मागावी. चौघी-पाचजणी गेल्या की नाही म्हणणं अवघड होतं. पाळीच्या दिवसांत चालायला हरकत नसते, अनेकींना त्याने कळा कमी वाटतात. नको वाटलं तर त्या दिवशी नको.

आणखी एक गोष्ट मुलींनी मनावर घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थोडं चाललं की धाप लागते, छातीत धडधडतं, पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे दर वेळी 'स्टॅमिना नाही' म्हणून सोडून देऊ नका. घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असेल तर आधी उपचार, मग वेग. सकाळी रिकाम्या पोटी जात असाल, तर निघताना केळं, दोन खजूर किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खा. हे मुलांनाही लागू आहे. मेसचा नाश्ता नऊला मिळतो म्हणून सहाला उपाशी डोंगर चढू नये.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, आणि जाहिरात निघाली की मैदानं एकदम भरतात. वर्षभर बसून अभ्यास केलेला उमेदवार पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतो, आठवड्यात नडगीचं दुखणं घेऊन बसतो आणि ऐन चाचणीत लंगडतो. आधी तीन-चार आठवडे फक्त झपाट्याने चाला, रोज चाळीस मिनिटांपर्यंत. मग चार मिनिटं चालणं, एक मिनिट हलकं धावणं, अशी भर घाला. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच जागी कळ येत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, तिथे हाडाला बारीक चीर असू शकते. स्नायूंचं सर्वसाधारण दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, त्याला घाबरू नका. चालताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर तपासणीशिवाय जोर वाढवू नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पंप खिशात ठेवावा.

चालण्याने पाय आणि हृदय सुधारतं. खांदे, पाठ आणि पोट तसंच राहतं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस दहा-पंधरा मिनिटं बैठका, जोर, सूर्यनमस्कार यांना द्या. रूममध्ये दोन कॉटच्या मधल्या जागेत ते होतात.

महापालिकेकडे आणि कॉलेजांकडे मागण्यासारखंही बरंच आहे. आपल्या कॉलेजच्या गेटसमोरचा शंभर मीटरचा फुटपाथ मोकळा करून घेणं हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका गटाला एका सत्रात जमण्यासारखं काम आहे. कुठे गाड्या लागतात, कुठे झाकण नाही, कुठे दिवा बंद आहे याची फोटोंसह यादी करा, प्राचार्यांच्या सहीने वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घ्या. वृक्षारोपणाच्या फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

परीक्षेचा महिना आला की पहिला बळी चालण्याचा जातो. तेव्हा चाल कमी करा, बंद करू नका. दर दीड तासाने उठून पाच-सात मिनिटं, आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, एवढं पुरे. पेपरच्या दिवशी केंद्राच्या थोडं अलीकडे उतरा, पण निघताना वीस मिनिटं हाताशी ठेवा आणि हॉलतिकीट सॅकमध्ये आहे ना, ते घरीच पाहून घ्या.